चालत्या मशीनचे स्थलांतर

(दृश्य : सर्व्हर कक्ष. एकाच रॅकमध्ये एकाखाली एक बसवलेले दोन होस्ट सर्व्हर.)

वरच्या सर्व्हरमधील रॅमच्या एका मॉड्यूलमध्ये गेल्या काही दिवसांपासून चुका नोंदल्या जात आहेत. त्या आपोआप दुरुस्त होत आहेत, पण त्यांची संख्या वाढते आहे, म्हणून हे मॉड्यूल बदलायचे आणि त्यासाठी सर्व्हर बंद करायचा असे ठरले आहे. अडचण एवढीच, की याच सर्व्हरवर ६४ जीबी मेमरी असलेले एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, चालू आहे, त्यात डेटाबेस आहे आणि शेकडो वापरकर्ते या क्षणी त्याला जोडलेले आहेत. हे मशीन चालू असतानाच, कोणाचीही जोडणी न तोडता, खालच्या सर्व्हरवर नेण्याच्या क्रियेला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात.

नेमके काय न्यायचे आहे, हे आधी पाहू. मशीनची डिस्क हलवावी लागत नाही, कारण क्लस्टरमधील, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटातील, दोन्ही होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर) एकाच सामायिक स्टोरेजला जोडलेले आहेत. हलतो तो त्या डिस्कवर लिहिण्याचा अधिकार. न्यायची असते ती मेमरी, प्रोसेसरच्या रजिस्टरांमधील (त्याच्या आतल्या छोट्या साठवण-जागांमधील) मूल्ये आणि आभासी उपकरणांची त्या क्षणाची स्थिती. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी मेमरीच्या मानाने अगदी लहान असतात. खरा प्रश्न मेमरीचा आहे.

(दृश्य : मेमरीच्या पानांची जाळी, काही चौकोन सतत रंग बदलत आहेत.)

४ केबीचे तुकडे, म्हणजे पाने, धरली तर ६४ जीबी मेमरीची सुमारे १ कोटी ६८ लाख पाने होतात. सेकंदाला १० गिगाबिट वेगाच्या नेटवर्कवरून ती पाठवायला, वाटेत काहीही अडथळा आला नाही तरी, सुमारे ५५ सेकंद लागतात. मशीन थांबवून ही नक्कल केली, तर तेवढा वेळ सेवा बंद राहील. विंडोज सर्व्हर २००८ मधील क्विक मायग्रेशन याच पद्धतीचे होते : मशीनची स्थिती डिस्कवर जतन करायची आणि दुसऱ्या होस्टवर पुन्हा उघडायची. व्हीएमवेअरने व्हीमोशनच्या रूपाने २००३ मध्येच, तर मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये २००८ आर२ या आवृत्तीत मशीन चालू ठेवून स्थलांतर करण्याची सोय दिली.

ही सोय ज्या कल्पनेवर उभी आहे, ती मला फार सुंदर वाटते. मशीन मूळ जागी काम करत असतानाच हायपरव्हायजर, म्हणजे होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, सगळी पाने एकदा पाठवून देतो आणि या काळात कोणत्या पानांवर पुन्हा लिहिले गेले, याची नोंद ठेवतो. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेली पाने जातात. पहिल्या ५५ सेकंदांत ४ जीबी मेमरी बदलली आणि बदलाचा वेग पुढेही तोच राहिला असे धरले, तर दुसरी फेरी साडेतीन सेकंदांत संपते आणि तेवढ्यात सुमारे २५० एमबी बदलते. तिसरी फेरी पाव सेकंदाच्या आत उरकते आणि मागे जेमतेम १६ एमबी उरते. आता मशीन क्षणभर थांबवायचे, ही उरलेली पाने आणि रजिस्टरे पाठवायची आणि खालच्या सर्व्हरवर तेच मशीन पुढे चालू करायचे. झेन हायपरव्हायजरवर हे करून पाहणाऱ्या केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी २००५ मध्ये, खेळ रंगात आलेला असताना क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर अवघ्या ६० मिलिसेकंदांच्या खंडाने हलवल्याचे नोंदवले.

नव्या होस्टवर मशीन जागे होताच त्याच्या नावाने नेटवर्कवर एक घोषणा केली जाते, तिच्यावरून स्विच (नेटवर्कमधले जोडणी-उपकरण) आपल्या तक्त्यात त्या मशीनच्या मॅक पत्त्यासमोरचे, म्हणजे नेटवर्कवरील ओळख-क्रमांकासमोरचे, पोर्ट बदलतो, आणि मधल्या क्षणात हरवलेली पॅकेटे (माहितीचे तुकडे) टीसीपी हा संदेशवहनाचा नियमसंच पुन्हा पाठवतो. त्यामुळे जोडणी टिकते.

मात्र नेटवर्क जेवढी पाने नेऊ शकते त्याहून वेगाने मशीन ती बदलत असेल, तर फेऱ्या कितीही झाल्या तरी मागे उरलेला ढीग कमी होत नाही. अशा वेळी आभासी प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी केला जातो. दुसरा मार्ग उलटा आहे : मशीन आधी नव्या जागी सुरू करायचे आणि लागतील तशी पाने जुन्या होस्टकडून मागवायची. स्थलांतर यात नक्की पूर्ण होते, पण तोपर्यंत मशीनचे काही अंश इथे आणि काही तिथे असतात, आणि दोहोंपैकी एक होस्ट किंवा मधले नेटवर्क कोलमडले तर मशीनच जाते. पहिल्या पद्धतीत शेवटच्या क्षणापर्यंत मूळ प्रत अखंड असते. डेटाबेसचे मशीन हलवताना मी ताण कमी असलेली वेळ निवडून पहिलीच पद्धत वापरण्याच्या बाजूने आहे.

तयारीतही काही गोष्टी सुटता कामा नयेत. प्रोसेसरला कोणत्या सूचना कळतात, हे प्रोग्राम बहुधा सुरू होतानाच विचारून ठेवतात आणि होस्ट बदलला तरी पुन्हा विचारत नाहीत. म्हणून दोन्ही होस्टच्या प्रोसेसरांमध्ये समान असलेल्या सुविधाच मशीनला दाखवाव्या लागतात. मेमरीत पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही असतात, त्यामुळे या वाहतुकीला वेगळे नेटवर्क आणि एन्क्रिप्शन असायलाच हवे.

वरचा सर्व्हर अचानक बंद पडला असता, तर यातले काहीच करता आले नसते. क्लस्टरने ते मशीन दुसऱ्या होस्टवर नव्याने सुरू केले असते, पण मेमरीतले सगळे गेले असते, डेटाबेसला आपल्या लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) सावरावे लागले असते आणि प्रत्येक जोडणी तुटली असती. म्हणूनच दुरुस्त होणाऱ्या चुका वाढू लागताच हे काम हाती घेतले गेले.

(दृश्य : वरच्या सर्व्हरचे दिवे विझतात. तंत्रज्ञ झाकण उघडून मॉड्यूल काढतो. खालच्या सर्व्हरचे दिवे लुकलुकत राहतात.)