कोथरूड ते न्यूयॉर्क : आधीचे दीडशे किलोमीटर

ताणकाट्याला बॅग लटकली आहे. काटा २४ वर. एका बॅगेला परवानगी २३ किलोची. काकूंनी चकलीचा डबा बाहेर काढला, गोडा मसाला मात्र तसाच ठेवला. लेकीचं बाळंतपण न्यूयॉर्कला आहे. पुण्यात, कोथरूडला, संध्याकाळचे सहा वाजलेत; विमान मुंबईहून, रात्री दीडला.

बॅग बांधायची हीच सुतळी आता पृथ्वीच्या गोलावर धरूया. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर. ओढून ताणली की बघा कुठून जाते : नॉर्वेवरून, आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी. भिंतीवरच्या नकाशात हीच वाट कमानीसारखी वाकडी दिसते, पण गोलावर सगळ्यांत जवळची हीच. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. वारा आणि बंद असलेली हवाई हद्द बघून विमान कंपन्या ती थोडीफार बदलतात. जाताना पंधरा-सोळा तास लागतात. येताना उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून वेळ वाचतो. रात्री दीडला सुटलेलं विमान उन्हाळ्यात तिथल्या सकाळी साडेसातच्या सुमाराला उतरतं. घड्याळात जेमतेम सहा तास, अंगावर मात्र पंधरा-सोळा.

मग हे विमान पुण्यातूनच का सुटत नाही?

ही लोहगावची धावपट्टी. हवाई दलाचा तळ १९३९ सालचा, नागरी विमानंही इथूनच उडतात. २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. काचा, उंच छत, सगळं देखणं. धावपट्टी मात्र तीच, सुमारे अडीच हजार मीटरची. बोईंग ७७७-३००ईआर या लांब पल्ल्याच्या विमानाच्या टाक्यांत पावणेदोन लाख लिटरहून जास्त इंधन मावतं. एवढा भार घेऊन उचलायचं तर लांबलचक धाव हवी. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५९० मीटर उंच. इथली हवा मुळातच विरळ. एप्रिल-मेच्या उन्हात आणखी विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि धाव वाढते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर, तीही समुद्रालगत. फरक एवढाच आहे, पण त्यापायी पुणेकराला दरवेळी घाट उतरावा लागतो.

म्हणून पुण्याला लांब धावपट्टी हवी, आणि लवकर हवी. पुरंदरला नवा विमानतळ ठरलाय. त्यासाठी सात गावांच्या जमिनी जाणार, गावकऱ्यांनी त्याला विरोध केला.

काकूंची गाडी द्रुतगती मार्गाला लागली. विमानतळापर्यंत दीडशे किलोमीटर, चार तास धरायचे; त्यावर तीन तास आधी पोचायचं. दार ओढून घेतल्यापासून न्यूयॉर्कला उतरेपर्यंत जवळपास अख्खा दिवस जातो.

गुडघ्याखाली उशी, मांडीवर पासपोर्टची पिशवी. खंडाळ्यात धुकं आहे, पुढे ट्रकची रांग. आठ वाजले. विमानाला अजून साडेपाच तास.