अण्णांचा ट्रॅक्टर

नमस्कार श्रोतेहो. सिबिलचा आकडा म्हणजे काय, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही कर्ज कसं फेडता ते दाखवणारा ३०० ते ९०० मधला तो आकडा लग्नाच्या बैठकीतही विचारतात म्हणे. पण आकड्याखालचा अहवाल सहसा कुणी उघडून बघत नाही. त्यात कधी कधी दोन शब्द दडलेले असतात, ‘सूट फाइल्ड’. म्हणजे कर्ज थकवलं म्हणून तुमच्यावर कोर्टात दावा लावलाय. आता कर्ज तुमचं नाहीच, दावाही तुमच्यावर नाही, आणि नोंद मात्र तुमच्या नावावर, असं झालं तर?

आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. घरावर माडी चढवायची म्हणून कर्ज काढायला गेले. साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. ट्रॅक्टरचं कर्ज, हप्ते थकलेले, दावा दाखल. अण्णा म्हणाले, “साहेब, मला गुंठाभर रान नाही, ट्रॅक्टर काय गच्चीवर फिरवू?”

घरी आल्यावर वेगळंच. वहिनींना कर्जाची चिंताच नाही. त्यांचा एकच प्रश्न, “तो ट्रॅक्टर कुणाच्या दारात उभा केलाय?” अण्णा शपथा घेतायत, आणि चहाचा कप समोर आदळला जातोय!

मुलानं ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावानं शोधलं. दावा सापडला, शेजारच्या जिल्ह्यातला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही तंतोतंत. मग अण्णा थेट कर्ज देणाऱ्या त्या शाखेत गेले. वहिनी सोबत, खात्री करायला. तिथल्या साहेबांनी जुनी फाइल काढली. दुसऱ्याची फाइल दाखवायला नको होती खरं तर, पण वहिनींचा चेहरा बघून त्यांनी फोटोपुरतं पान उघडलं. झुपकेदार मिशांचा भलताच माणूस! वहिनींनी चष्मा वर-खाली करून फोटो पाहिला आणि तिथंच बाकावर बसून हसू लागल्या.

पण दोघांची गाठ पडली कशी? त्या फाइलीत पॅनचा रकाना कोरा होता, आणि जन्मतारीख होती १ जून. अण्णांचीही १ जून! श्रोतेहो, तुमच्यातल्याही कितीजणांची असेल. शाळा जूनमध्ये भरायची. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी १ जून लिहून मोकळे. त्या गुरुजींना हसू नका बरं का. त्यांनी तारखेवाचून पोरं परत पाठवली असती, तर अण्णा एसटीत लागलेच नसते. नाव आणि तारीख जुळली की माणूस एकच, असं ठरवणाऱ्यांना मात्र जरूर हसा.

तर करायचं काय? तक्रार दोन्हीकडे करायची. सिबिलकडे ऑनलाइन आक्षेप नोंदवायचा आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी अर्ज द्यायचा, पोच घेऊन. दोन्हीकडे का? बँकेनं दुरुस्ती मान्य केल्याशिवाय सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही. सोबत पॅन, आधार आणि जमलं तर कोर्टातून दाव्याची नक्कल जोडा. अण्णांचं काम झालं ते त्या नकलेतल्या पत्त्यामुळं. पुन्हा सांगतो, सिबिलकडेही आणि बँकेकडेही. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्या, त्यांचेही अहवाल बघून घ्या. चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

मुदत ३० दिवसांची. त्यात निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. २६ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मागितल्याशिवाय कोण देतंय म्हणा, म्हणून आपण मागायची.

एक मात्र आहे. तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल, तर ते कर्जही तुमच्या अहवालात दिसतं, आणि ती चूक नव्हे. मित्राला नाही कसं म्हणायचं, म्हणून सही ठोकणारे मी खूप पाहिले. पुढं तोच मित्र फोन उचलत नाही. असो, तो विषय काढला तर वेळ पुरायचा नाही.

‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. आक्षेप नोंदवायला पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत काहीच हाललं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन नंबर १४४४८. पुन्हा एकदा, १४४४८. तिथं आधी तक्रार कुठं आणि कधी केली होती, हे विचारतात. तेव्हा आक्षेपाचा क्रमांक आणि बँकेची पोच एकाच पाकिटात ठेवा. नमस्कार.