मतं ब्रिटनची, भोग जर्सी-जिब्राल्टरचे

नमस्कार मंडळी. आज ब्रेक्झिटबद्दल, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं त्याबद्दल बोलायचंय, पण लंडनमधल्या ब्रेक्झिटबद्दल नाही. ते बोरिस जॉन्सन, ती पार्लमेंटमधली आरडाओरड, ते सगळं आपण टीव्हीवर भरपूर बघितलंय. मला बोलायचंय ते जिब्राल्टर आणि जर्सीबद्दल, म्हणजे अशा जागा जिथे लोक ब्रिटिश आहेत, राजा एकच आहे, पण ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही खासदार नाही. जर्सी हे नाव तर आपल्याकडे गावोगावी माहितीये, गोठ्यात जी जर्सी गाय असते तिचं मूळ गाव म्हणजे हे बेट, इंग्लंडपासून शे-दीडशे किलोमीटर लांब आणि फ्रान्सचा किनारा मात्र जेमतेम 22 किलोमीटरवर. जिब्राल्टर त्याच्याही खाली, स्पेनच्या दक्षिण टोकाला चिकटलेला एक डोंगर आणि त्याच्या पायथ्याचं शहर, सगळं मिळून सातेक चौरस किलोमीटर.

या जागांची स्वतःची विधानसभा आहे, स्वतःचे कर, स्वतःची कोर्टं, स्वतःचा मुख्यमंत्री. परराष्ट्र धोरण आणि संरक्षण तेवढं लंडनच्या हातात. आता हे "तेवढं" केवढं मोठं असतं ते 2016 नंतर कळलं.

23 जून 2016 ला युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं याचं सार्वमत झालं. त्या रात्री सगळ्यात पहिला निकाल जाहीर झाला तो जिब्राल्टरचा. राहायचं म्हणणारी मतं 19,322 आणि बाहेर पडायचं म्हणणारी 823. म्हणजे 96 टक्के लोक एका बाजूला! आणि मग ते आकडे इंग्लंडच्या साउथ वेस्ट विभागाच्या बेरजेत गेले, कारण युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीसाठी 2004 पासून जिब्राल्टर त्याच विभागाला जोडलेलं होतं, आणि त्या विभागात एकूण कौल बाहेर पडायचा लागला. पूर्ण देशाचा निकाल 52 विरुद्ध 48. सकाळ झाली तेव्हा जिब्राल्टरचं मत बेरजेत कुठच्या कुठे गेलं होतं.

96 टक्के का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि मला वाटतं ही सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. 1713 च्या उत्रेख्त तहात स्पेनने जिब्राल्टर ब्रिटनला दिलं पण मनातून कधीच दिलं नाही. 1967 मध्ये तिथे सार्वमत घेतलं, ब्रिटनबरोबर राहायचं म्हणणारे 12,138 आणि स्पेनकडे जायचं म्हणणारे 44. मग 1969 च्या जूनमध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने काय केलं, सरहद्दीचं गेट बंद करून टाकलं. पलीकडच्या ला लिनेआ गावातून रोज कामाला येणारी हजारो माणसं एका दिवसात बेकार झाली, फेरी बंद, नंतर टेलिफोनसुद्धा तोडले. आता विचार करा, या गावात सासर आणि त्या गावात माहेर अशी किती घरं असतील. लोक रविवारी कुंपणाशी येऊन उभे राहायचे आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यावरून एकमेकांना हाका मारायचे, बाळ झालं तर ते उंच धरून पलीकडच्या आजीला दाखवायचे, कोणी वारलं तर तेही ओरडूनच सांगायचं. वारा उलटा असला की नीट ऐकूही यायचं नाही. हे थोडंथोडकं नाही, तेरा वर्षं चाललं. डिसेंबर 1982 मध्ये पायी जाणाऱ्यांसाठी गेट उघडलं आणि गाड्यांसाठी फेब्रुवारी 1985 मध्ये, आणि ते का उघडलं तर स्पेनला 1986 मध्ये युरोपियन समुदायात, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या आधीच्या रूपात, यायचं होतं, शेजाऱ्याचं दार बंद करून त्या घरात शिरता येणार नव्हतं. म्हणून जिब्राल्टरच्या माणसासाठी युरोप म्हणजे ब्रुसेल्सचे नियम वगैरे नंतर, आधी ते उघडं गेट.

आणि हे गेट परत बंद होऊ शकतं अशी वेळ आणली कोणी तर ब्रिटनच्या निवडणुकीच्या राजकारणाने. जानेवारी 2013 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी वचन दिलं की आम्ही निवडून आलो तर सार्वमत घेऊ. तेव्हा त्यांच्या पक्षाची मतं नायजेल फराज यांचा, युरोपियन युनियनमधून बाहेर पडा म्हणणारा युकिप पक्ष खात होता, 2014 च्या युरोपियन निवडणुकीत तर युकिप पहिल्या नंबरवर आला. 2015 मध्ये कॅमेरून यांना बहुमत मिळालं आणि वचन पाळावं लागलं. पक्षातली भांडणं मिटवायला आणि काही लाख मतं परत आणायला घेतलेला हा निर्णय, त्यात ला लिनेआच्या गेटचा विचार कोणाच्या डोक्यात होता? मला नाही वाटत कोणाच्या होता. मार्च 2017 मध्ये कॅमेरून यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांनी बाहेर पडण्याचं अधिकृत पत्र ब्रुसेल्सला दिलं त्या अख्ख्या पत्रात जिब्राल्टरचं नावसुद्धा नव्हतं. स्पेनचं मात्र बरोबर लक्ष होतं, काही दिवसांतच युरोपियन युनियनच्या मसुद्यात कलम आलं की पुढचा कुठलाही करार जिब्राल्टरला लागू करायचा तर स्पेनची संमती लागेल. आणि त्यावर लंडनमधून उत्तर काय आलं, तर हुजूर पक्षाचे माजी नेते मायकेल हॉवर्ड टीव्हीवर 1982 मध्ये अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंड युद्धाची आठवण काढून गेले. तिथे रोज पंधरा हजार माणसं सरहद्द ओलांडून कामाला येतात हो, त्यांना लढाईची भाषा काय कामाची? दोन-अडीच आठवड्यांनी मे यांनी मध्यावधी निवडणूक जाहीर केली.

बरं, जिब्राल्टरला निदान सार्वमतात मत तरी होतं. जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन या बेटांना तेही नव्हतं! कारण ती युरोपियन युनियनमध्ये कधी नव्हतीच. 1973 मध्ये ब्रिटन आत गेलं तेव्हा या बेटांसाठी प्रोटोकॉल 3 नावाची वेगळी सोय केली होती, माल विनाकर युरोपात जाऊ शकत होता पण बाकी नियम लागू नाहीत, अगदी बेटावरच्या ज्या माणसाचा आईबाप-आजीआजोबांकडून ब्रिटनशी संबंध नाही त्याच्या पासपोर्टवर शिक्का असायचा की याला युरोपात कामधंद्याच्या सवलती नाहीत. ही सोय ब्रिटनच्या सदस्यत्वावर टांगलेली होती, सदस्यत्व गेलं की सोय गेली. विचारलं नाही कोणी.

मग जर्सीला झळ कुठे बसली तर मासेमारीत. इंग्रज, जर्सीवाले आणि नॉर्मंडी-ब्रिटनीचे फ्रेंच मच्छीमार त्याच समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आलेत, 2000 साली ग्रॅनव्हिलच्या उपसागराचा करार झाला होता, त्यावर ठीकठाक चाललं होतं. ब्रेक्झिटच्या व्यापार करारात तो करार निकालात निघाला. आता फ्रेंच बोटीला जर्सीच्या पाण्यात यायचं तर लायसन्स हवं आणि लायसन्स हवं तर आधीच्या काळात वर्षात निदान 11 दिवस तिथे मासेमारी केल्याचा पुरावा हवा. मोठ्या बोटीत ट्रॅकिंगची यंत्रं असतात, त्यांचं जमतं. पण बारा मीटरच्या आतली छोटी बोट, बापलेक दोघंच जाणारे, त्यांनी कसला रेकॉर्ड दाखवायचा? आपल्या कोकणातल्या एखाद्या नाखव्याला विचारा की 2018 च्या मार्चमध्ये कुठल्या तारखेला कुठल्या पाण्यात होतास ते कागदावर दाखव, काय दाखवेल तो? 30 एप्रिल 2021 ला जर्सीने 41 मोठ्या बोटींना लायसन्स दिली आणि त्यावर अटी होत्या ज्या फ्रेंचांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना आधी सांगितल्याच नव्हत्या. फ्रान्सच्या सागरी मंत्री अनिक जिरार्दां संसदेत म्हणाल्या की जर्सीची वीज तोडायचा मार्ग आमच्याकडे आहे. आता जर्सीची 95 टक्के वीज समुद्राखालच्या केबलने फ्रान्समधूनच येते, म्हणजे लाखभर लोकांचे दवाखाने, शाळा, घरं सगळं आलं त्यात. माशांच्या भांडणात अशी धमकी द्यायची? मला तेव्हाही भयंकर वाटलं होतं आणि आजही वाटतं.

6 मे 2021 च्या पहाटे साठेक फ्रेंच बोटी जर्सीच्या सेंट हेलियर बंदरासमोर येऊन उभ्या राहिल्या, फ्लेअर पेटवलेल्या, भोंगे वाजतायत, एका फ्रेंच बोटीने तर जर्सीच्या एका बोटीला धडक दिली. लंडनने दोन नौदलाच्या बोटी पाठवल्या होत्या, सेव्हर्न आणि टेमार, फ्रान्सनेही आपल्या गस्ती बोटी आणल्या. आणि मंडळी तारीख लक्षात घ्या, 6 मे 2021. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुका होत्या, स्कॉटलंड-वेल्सच्या विधानसभांचं मतदान होतं, आणि हार्टलपूलची पोटनिवडणूक होती, जी जागा 1974 पासून लेबरकडे होती आणि त्या दिवशी हुजूर पक्षाने जिंकली. बोटी मतांसाठी पाठवल्या असं मी म्हणणार नाही, जर्सीच्या सरकारलाही त्या दिवशी आधार हवाच होता. पण हार्टलपूलच्या मतदाराला त्या दिवशी टीव्हीवर दिसल्या त्या युद्धनौका, आणि जर्सीचा जो मच्छीमार स्वतःची शेवंडं आणि खेकडे पलीकडे नॉर्मंडीच्या बंदरात विकून पोट भरतो, त्याला दिसलं की आपलं गिऱ्हाईक आपल्यावर चिडून दारात उभंय. संध्याकाळपर्यंत बोटी गेल्या. लायसन्सचे कागद पुढे कित्येक महिने चालले.

एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही ती सांगतो. 2020 च्या ब्रिटिश फिशरीज कायद्यात एक कलम घातलं की गरज पडली तर हा कायदा या बेटांना लागू करता येईल. जर्सी आणि गर्न्सी दोघांनी विरोध केला, की आमच्या संमतीशिवाय तुम्ही आमच्यासाठी कायदा करू शकत नाही, तशी रीतच नाही. तरी कलम राहिलं. मला विचाराल तर त्या युद्धनौकांपेक्षा हे कलम गंभीर आहे, कारण बोटी संध्याकाळी परत जातात, कायदा पुस्तकात राहतो.

कामगारांचंही तेच. जर्सीची शेती आणि हॉटेलं अनेक दशकं पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आलेल्या माणसांवर चालली, उतारावरच्या शेतातले ते प्रसिद्ध जर्सी रॉयल बटाटे त्यांनीच काढले. युरोपातून मोकळेपणाने येणं बंद झालं, आता परमिट लागतं, मग केनिया, फिलिपिन्सवरून माणसं आणायची, तीही ठरावीक महिन्यांसाठी. इथे आपल्या गोव्याचा धागा आहे बघा. पोर्तुगीज पासपोर्टच्या हक्कावर कितीतरी गोंयकार ब्रिटनला गेले, स्विंडन शहरात तर मोठी वस्ती आहे त्यांची, आणि त्यांनाही 30 जून 2021 च्या आत सेटलमेंटचे, म्हणजे ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचे, फॉर्म भरण्याची धावपळ करावी लागली. जो 2020 संपायच्या आत पोचला होता त्याला राहायला मिळालं, मागे राहिलेल्या धाकट्या भावासाठी तो रस्ता बंद झाला.

आता परत जिब्राल्टरकडे. 2020 च्या शेवटच्या दिवशी, ट्रान्झिशन, म्हणजे ब्रेक्झिटनंतर जुने नियम चालू ठेवलेला मधला काळ, संपायला काही तास उरले असताना, स्पेन आणि ब्रिटनची प्राथमिक सहमती झाली की सरहद्द मोकळी ठेवू. पण त्याचा पक्का करार होईना. 2023 च्या जुलैत स्पेनमध्ये निवडणूक लागली, थांबा. ऑक्टोबरमध्ये जिब्राल्टरची स्वतःची निवडणूक, मुख्यमंत्री फॅबियन पिकार्डो यांचं सरकार 9 विरुद्ध 8 असं एका जागेने वाचलं. मग 2024 च्या जूनमध्ये युरोपियन निवडणूक, आणि 4 जुलैला ब्रिटनची. यातल्या फक्त एकाच निवडणुकीत जिब्राल्टरच्या माणसाला मत होतं! लेबर सरकार आल्यावर शेवटी 11 जून 2025 ला ब्रुसेल्समध्ये राजकीय करार जाहीर झाला. त्यात ठरलं ते असं, कुंपणावरची तपासणी जाणार, पासपोर्ट बघायचा तो विमानतळावर आणि बंदरात, आधी जिब्राल्टरचे अधिकारी आणि मग स्पेनचे. जिथे व्हॅट कधीच नव्हता तिथे मालावर 15 टक्के व्यवहार कर येणार, तो पुढे 17 होणार. तिथल्या मेन स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत, करमुक्त मालावर पिढ्या वाढल्या त्यांच्या, त्यांना हे हिशोब नव्याने मांडावे लागणार. स्पॅनिश पोलीस आपल्या विमानतळावर, ही गोष्ट बऱ्याच जिब्राल्टरवाल्यांना गिळायला जड गेली, साहजिक आहे, ज्यांनी फ्रँकोचं बंद गेट पाहिलंय त्यांना तर फारच. तरी मला हा करार योग्य वाटतो, आणि पिकार्डो स्वतः वाटाघाटींच्या टेबलावर बसले होते ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. जर्सीचा मुख्यमंत्री असा टेबलावर असता तर 41 लायसन्सचा घोळ झाला असता का, मला तरी नाही वाटत.

वेळ संपत आलीये पण फॉकलंडचं सांगितल्याशिवाय जाववत नाही. दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनच्याच ताब्यातली, जेमतेम साडेतीन हजार लोकांची बेटं, निम्म्याहून जास्त उत्पन्न मासेमारीचं, त्यातही मुख्य म्हणजे माकूळ, हॉटेलात कॅलामारी म्हणून मिळतात ते. स्पेनच्या व्हिगो बंदरातून ते सगळ्या युरोपात जातात. ब्रेक्झिटच्या व्यापार करारात फॉकलंडला घेतलंच नाही, युरोपियन युनियनने नको म्हटलं आणि लंडनने सोडून दिलं, त्यामुळे 2021 पासून त्यांच्या मालावर 6 ते 18 टक्के कर लागतो. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि युरोपने संबंध सुधारायचे म्हणून बैठक घेतली, त्यात ब्रिटनच्या समुद्रात युरोपियन बोटींना 2038 पर्यंत मासेमारी करू द्यायचं ठरलं. एवढी मोठी गोष्ट देताना फॉकलंडच्या माकुळावरचा कर माफ करा एवढं मागून पदरात पाडून घेता आलं असतं. तो कर तसाच राहिला.

चला, येतो मंडळी. नमस्कार.