खडकांची स्थिरता आणि त्यांचे बदल

श्रोतेहो, नमस्कार.

कायमची ठरलेली गोष्ट सांगायची झाली, की आपण तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. दगड बदलत नाही, ही समजूत भाषेतही इतकी खोल रुजली आहे. भूशास्त्र मात्र सांगते, की खडक ज्या तापमानात आणि ज्या दाबाखाली जन्मतो, तिथेच तो खऱ्या अर्थाने स्थिर असतो आणि तिथून हलला, की त्याच्यातील खनिजे बदलू लागतात. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित ही शाळेत पाठ केलेली तीन नावे या एका सूत्राने जोडली जातात, म्हणून आज त्याविषयीच बोलायचे आहे.

सुरुवात शिलारसापासून, म्हणजे वितळलेल्या खडकापासून करू. हा रस जमिनीखाली संथपणे निवला, तर स्फटिकांना वाढायला हजारो वर्षे मिळतात आणि ग्रॅनाइटसारखा भरड कणांचा खडक बनतो. तोच लाव्हा होऊन पृष्ठभागावर आला, तर लवकर थिजून बेसॉल्टसारखा बारीक कणांचा खडक तयार होतो. हे दोन्ही अग्निजन्य खडक. सगळी खनिजे एकाच वेळी गोठत नाहीत. ऑलिव्हिन हे हिरवट खनिज अतिशय उच्च तापमानाला, आरंभीच वेगळे होते, तर क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, बहुधा अगदी शेवटी.

आता हा खडक उघड्यावर आला, असे समजा. पाऊस आणि हवा त्याला झिजवू लागतात, आणि इथे एक विलक्षण क्रम दिसतो, जो सॅम्युएल गोल्डिच या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३८ साली मांडला: जे खनिज सर्वांत जास्त उष्णतेत जन्मले, ते सर्वांत आधी कुजते. ऑलिव्हिन लवकर नाहीसे होते, फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते आणि क्वार्ट्झ टिकून वाळू होते. ही वाळू आणि माती पाण्याबरोबर वाहून साचते, थरांखाली दबते, कणांमधील पाण्यातून उतरलेल्या क्षारांनी सांधली जाते, आणि स्तरित खडक घडतो.

खरी नवलाई मला पुढच्या टप्प्यात, रूपांतरित खडकांत वाटते, कारण तिथे खडक न वितळता, घन अवस्थेतच, आतून नवा होतो. पृथ्वीच्या कवचात खाली जावे, तसे दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. चिखलापासून बनलेला खडक भूपट्टांच्या टकरीत खोल ढकलला गेला, तर त्यातील मातीची खनिजे पाणी सोडतात आणि त्यांच्या जागी अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्या मुख्य दाबाशी काटकोनात वाढतात. सपाट पातळ तुकड्यांत फुटणारा पाटीचा दगड असा तयार होतो. आणखी खोलवर शिस्ट नावाचा खडक बनतो, त्यात गार्नेट या खनिजाचे लाल स्फटिक उगवतात, आणि पुढे पट्ट्यापट्ट्यांचा नाइस हा खडक. जॉर्ज बॅरो या भूशास्त्रज्ञांनी १८९३ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात अशा खनिजांचे पट्टे नकाशावर आखले. त्यांपैकी कायनाइट आणि सिलिमनाइट, तसेच इतरत्र आढळणारे अँडलुसाइट, या तिघांचे रासायनिक सूत्र एकच आहे. दाब वाढला की कायनाइट, तापमान फार चढले की सिलिमनाइट, आणि दाब कमी असेल तर अँडलुसाइट. म्हणून यांतले कोणते खनिज सापडले, यावरून तो खडक केव्हातरी किती खोल आणि किती तापलेला होता, याचा अदमास बांधता येतो. उष्णता याहूनही वाढली आणि पाणी असले, तर सुमारे ६५० ते ७०० अंशांपासून असा खडक वितळू लागतो, म्हणजे पुन्हा शिलारस.

मग खोलवरचे खडक वर आल्यावर पूर्ववत का होत नाहीत, असे कोणी विचारेल. उलट्या बदलाला पाणी लागते, पण ते तापताना निघून गेलेले असते. शिवाय खडक थंड होत जातो, तसा अणूंचा हलण्याचा वेगही मंदावतो. हिऱ्याचेच पाहा. तो १५० किलोमीटरहून अधिक खोलीवर बनतो, आणि पृष्ठभागावरच्या दाबात कार्बनचे स्थिर रूप ग्राफाइट हे आहे. तरीही हिरा हिराच राहतो, कारण इथल्या थंडाव्यात त्याच्या अणूंना आपली घट्ट मांडणी मोडण्याइतकी ऊर्जा मिळत नाही.