कासच्या पठारावर मन का निवते?

नमस्कार. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटर गेले की कासचे पठार लागते. कामाने शिणलेली, घरच्या काळजीने कावलेली माणसे तिथे जाऊन आली की मन हलके झाल्याचे सांगतात. असे का होते, ते आज पाहू.

रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये केलेली मीमांसा मला पटते. हिशेब तपासताना किंवा गर्दीतून गाडी चालवताना आपण बाकी सर्व बाजूला सारून लक्ष एका जागी बळेच धरून ठेवतो. हे सतत करावे लागले की ती शक्ती थकते आणि चिडचिड वाढते. निसर्गात लक्ष आपसूक वेधले जाते, त्यामुळे त्या थकलेल्या शक्तीला विसावा मिळतो.

कासला तर हे फार सहज घडते, कारण तिथले वैभव इवलेसे आहे. जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ असल्याने मोठी झाडे तग धरत नाहीत. पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात कातळ कोरडा ठणठणीत पडतो. सीतेची आसवे ही निळसर जांभळी फुले याच निकस जमिनीवर येतात. मातीत पोषण अपुरे, म्हणून ही वनस्पती बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडते. इतकी नाजूक, आणि चक्क मांसाहारी! ते फूल नीट पाहायचे तर उकिडवे बसावे लागते, आणि तसे बसून एकदा पाहू लागले की शेजारचे पांढरे गेंद, पलीकडचा तेरडा, त्यावरचा किडा असे एकामागून एक दिसत जाते.

टोपली कारवी या झुडपाचा मोठा बहर साधारण ७ वर्षांनी येतो. मागच्या बहराला शाळेत जाणारी मुलगी यंदा कॉलेजात आहे, असे आठवते, आणि आपली चिंता काळाच्या मोठ्या मापाने मोजली जाते. एखाद्या जागेची अशी ओढ एका सहलीत लागत नाही. त्यासाठी त्याच जागी वारंवार जावे लागते.

युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, त्यात कासही आहे. सप्टेंबरातल्या रविवारी तिथे वाहनांची रांग आणि फोटोंची धांदल असते. त्यातून विसावा मिळेल असे मला वाटत नाही. मधला वार निवडा, आखलेली वाट सोडू नका. मात्र उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. कासला नंतरही जाता येईल.