अबेबे बिकिला: पाय गेल्यानंतर

[रोम, १९६०. कृष्णधवल चित्रण]

रोमच्या रस्त्यांवर अनवाणी धावत, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा हा इथिओपियाचा अबेबे बिकिला. १९६४ मध्ये टोकियोत पुन्हा सुवर्ण, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला दीड महिनाही झालेला नसताना.

२२ मार्च १९६९. रात्री त्याची फोक्सवॅगन उलटली आणि मानेच्या मणक्याला जबर इजा झाली. इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात आणलं, तेव्हा त्याला मानही वळवता येत नव्हती.

[रुग्णालयातली खाट]

इथली शिस्त डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून बसवलेली. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एरवी अंग अवघडलं की आपण झोपेतही वळतो. संवेदना गेलेलं शरीर वळत नाही. माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी हाड आणि गादीच्या मध्ये चेंगरते, रक्त पोचत नाही. जखम बरेचदा आतून सुरू होते. वर दिसेपर्यंत खोल गेलेली असते. दुसरा धोका लघवीचा. मूत्राशय भरल्याचं कळत नाही, पुरतं रिकामं होत नाही, आणि साचलेल्या लघवीतला संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत चढतो. पूर्वी मणक्याचे बहुतेक रुग्ण दगावायचे ते याच दोन गोष्टींनी.

बिकिलाच्या हातांत हळूहळू ताकद आली. पाय आले नाहीत. मग बसायला शिकणं. धड लुळं असेल, तर पेला घ्यायला हात पुढे केला तरी माणूस कलंडतो. इथे कामी येतो पाठीचा रुंद स्नायू, लॅटिसिमस डॉर्सी. त्याच्या नसा मानेतून निघतात, पण तो स्वतः खाली कमरेच्या हाडापर्यंत उतरतो. वरच्या ताकदीनं खालचं लुळं धड सावरून धरतो. धनुष्य ताणताना हाच स्नायू कसला जातो. म्हणून इथे तिरंदाजी हा उपचारच होता. शिवाय चाकाच्या खुर्चीत दर पाव-अर्ध्या तासानं हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. ही सवय आयुष्यभराची.

१९७० साली स्टोक मँडव्हिलच्या स्पर्धेत बिकिला तिरंदाजी आणि टेबल टेनिस खेळला.

[नॉर्वे, १९७१. बर्फ]

बधिर पाय थंडीत गोठले तरी कळत नाहीत. ते नीट गुंडाळावे लागतात, डोळ्यांनी बघून तपासावे लागतात. अशा बर्फात कुत्र्यांची स्लेज हाकत त्यानं २५ किलोमीटरची शर्यत जिंकली.