बेव्हरिजचा अहवाल आणि केन्सची कात्री

(कॅमेऱ्याकडे)

ब्रिटनचं कल्याणकारी राज्य म्हटलं की विल्यम बेव्हरिजचं नाव येतं. अर्थतज्ज्ञ, जन्म 1879 चा, तोही बंगालमधल्या रंगपूरचा (आज बांगलादेशात). वडील तिथे आयसीएस अधिकारी होते. सामाजिक विम्यावरचा त्याचा अहवाल आला डिसेंबर 1942 मध्ये, ऐन युद्धात. सरकारी अहवाल, तरी सहा लाखांवर प्रती खपल्या! पण त्यातले आकडे बारकाईने पाहिले तर आणखी एकाचा हात दिसतो. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स, तेव्हा ब्रिटिश अर्थखात्याचा सल्लागार.

आधी योजना बघू. विम्याचा हप्ता सगळ्यांना सारखा, मदतही सारखी.

(पडद्यावर: 4 शिलिंग 3 पेन्स + 3 शिलिंग 3 पेन्स)

पहिला आकडा पुरुष कामगाराचा, आठवड्याचा (तेव्हा 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड). दुसरा मालकाचा. उरलेला भार सरकारवर. मालक दोन्ही वाटे मिळून एकच स्टॅम्प घ्यायचा आणि कामगाराच्या कार्डावर चिकटवायचा. बदल्यात काम गेलं किंवा आजारी पडलं, तर एकट्या माणसाला आठवड्याला 24 शिलिंग, जोडप्याला 40. घरात काय आहे, किती साठवलंय, कुणी विचारणार नाही.

खरी गोम इथेच आहे. हप्ता सारखा ठेवायचा, तर तो सगळ्यात कमी पगारवाल्याला झेपेल एवढाच ठेवावा लागतो. हप्ता लहान, म्हणून मदतही बेताची.

1942 च्या उन्हाळ्यात केन्सने बेव्हरिजला मर्यादा घालून दिली: पहिली पाच वर्षं तिजोरीवरचा वाढीव बोजा वर्षाला 10 कोटी पौंडांच्या आसपास. मग कात्री चालली. आईवडील कमावते असतील तर पहिल्या मुलाचा भत्ता नाही, दुसऱ्यापासून 8 शिलिंग. पेन्शन एकट्याला 14 शिलिंगांपासून सुरू होणार आणि 24 वर पोचायला 20 वर्षं लागणार. आमच्या मते ही काटछाट झाली नसती, तर अर्थखात्याने अहवाल फडताळात टाकला असता.

पुढे पंतप्रधान ॲटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारने 20 वर्षांची वाट रद्द केली. 1946 च्या कायद्याने पूर्ण पेन्शन लगेच: एकट्याला 26, जोडप्याला 42. मुलांचा भत्ता मात्र 5 शिलिंगच. (बेव्हरिजचे 8 आठवतायत ना?) बाकीची योजना लागू झाली 5 जुलै 1948 ला.

आणि घोडं अडलं घरभाड्यावर. भाडं गावोगाव वेगळं, लंडनमध्ये तर फारच जास्त, पण विम्याची रक्कम देशभर एकच. गरिबांसाठी वेगळी राष्ट्रीय साहाय्य योजना होती. तिचा दर एकट्याला 24 शिलिंग, वर भाडं वेगळं.

(पडद्यावर: 24 + 8 = 32)

भाडं 8 शिलिंग धरा. साहाय्याच्या हिशोबाने लागतात 32, स्टॅम्प भरून मिळालेली पेन्शन 26. राहिलेल्या 6 शिलिंगांसाठी म्हाताऱ्याने अर्ज करायचा, आणि मग अधिकारी त्याची शिल्लक विचारणार. जी चौकशी टाळायला हप्ते भरले, तीच.